‘आई, तू आता फक्त आराम कर!’



तुमच्या घरात साठी ओलांडलेलं कोणी आहे का? आजी, आजोबा, आई, वडील, सासूबाई, आत्या, कोणीही. असेल, तर पुढे वाचण्याआधी एक गोष्ट आठवून बघा. गेल्या आठवड्यात तुम्ही त्यांना "तुम्ही बसा हो, आम्ही करतो" असं किती वेळा म्हणालात? आणि "मला हे जमत नाही, तेवढं तुम्ही कराल का?" असं किती वेळा म्हणालात?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मोजता येणार नाही. दुसऱ्याचं बहुधा शून्य येईल. माझंही शून्यच होतं. मी शिक्षक आहे. वर्गात मुलांना रोज काही ना काही काम नेमून देतो. कोणी फळा पुसायचा, कोणी खडू आणायचे, कोणी कुंड्यांना पाणी घालायचं. काम दिलं की वर्गातलं सगळ्यात खोडकर पोरगंही सरळ होतं, हे मला इतक्या वर्षांच्या नोकरीत पक्कं कळलेलं आहे. पण हीच साधी गोष्ट माझ्या आईच्या बाबतीत कळायला मला जवळजवळ वर्ष लागलं. त्या वर्षाची किंमत मी नाही, तिने मोजली. म्हणून हा लेख लिहितोय.

गावाकडून तिसऱ्या मजल्यावर

आमचं मूळ गाव सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात. दुष्काळी भाग. तीन एकर जिरायत रान, दोन म्हशी, शेरडं आणि पत्र्याचं घर. आई पहाटे पाचला उठायची. शेण काढणं, धारा, पाणी, भाकरी, रान, परत धारा. तिला कधी कोणी ‘चालायला जा’ असं सांगितलं नाही. व्यायाम हा शब्द तिला माहीत होता तो फक्त तालमीत जाणाऱ्या पोरांपुरता.

वडील गेले आणि २०२२ च्या दिवाळीनंतर मी तिला कामोठ्याला घेऊन आलो. तेव्हा ती ६८ वर्षांची होती. म्हशी विकल्या, रान वाट्याने दिलं. कामोठ्यात आमच्यासारखी घरं पुष्कळ आहेत. सातारा, सांगली, कोल्हापूरकडची माणसं नोकरीसाठी मुंबईत आली, इथे फ्लॅट घेतला आणि मग एकेक करून गावाकडचे आई-वडील इथे आले. संध्याकाळी मानसरोवर स्टेशनकडून येणाऱ्या रस्त्याने चाललात, तर इमारतींच्या खाली प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेली अशी माणसं तुम्हाला दिसतील. लुगडं किंवा धोतर, हातात काही नाही, नजर रस्त्यावर.

आईला आम्ही अगदी जपलं. खोटं कशाला सांगू, अभिमानानेच जपलं. गॅसजवळ जाऊ नको, भाजेल. लादी पुसू नको, कंबर दुखेल. एकटी खाली जाऊ नको, चुकशील. कोणी बेल वाजवली तर दार उघडू नको. माझी बायको तर तिच्या हातातलं पाण्याचं भांडंसुद्धा काढून घ्यायची. "आई, तुम्ही आयुष्यभर केलंत, आता बसा." मीही रोज तेच म्हणायचो, "आई, तू आता फक्त आराम कर."

सुरुवातीला ती चिडायची. "मी काय पावणी हाय व्हय रं?" म्हणायची. मग चिडायची बंद झाली. आम्हाला वाटलं, रुळली. ती टीव्हीसमोर बसायची. टीव्ही बंद असला तरी त्याच जागेवर बसायची. दुपारी झोपायची, त्यामुळे रात्री जागी राहायची. जेवण कमी झालं. दोन-दोन दिवस अंघोळीचा कंटाळा करू लागली. आम्ही म्हणायचो, वयच झालंय आता.

मित्रांनो, ‘वय झालं’ हे वाक्य फार सोयीचं असतं. त्यानंतर कोणी पुढचा प्रश्न विचारत नाही.

डॉक्टरांचा प्रश्न

२०२३ च्या पावसाळ्यात आई न्हाणीघराच्या उंबऱ्यात पडली. पाय घसरला असंही नाही. उठताना तोल गेला आणि सावरायला पायात जोरच नव्हता. डाव्या मनगटाचं हाड मोडलं.

प्लास्टर झाल्यावर डॉक्टरांनी मला विचारलं, "या दिवसभर काय करतात?"

मी म्हणालो, "काहीच नाही डॉक्टर. आम्ही त्यांना काही करूच देत नाही."

हे मी कौतुकाची अपेक्षा ठेवून बोललो होतो. डॉक्टर काही बोलले नाहीत. त्यांनी आईला खुर्चीतून हात न टेकता उठायला सांगितलं. तिला उठता येईना. आठ महिन्यांपूर्वी डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन बांधावरून चालणारी बाई, तिला खुर्चीतून उठता येईना! ती माझ्याकडे बघून ओशाळल्यासारखी हसली. ते हसू मी अजून विसरलेलो नाही.

मग डॉक्टरांनी समजावलं, ते तुम्हालाही सांगतो. वय वाढतं तसे स्नायू हळूहळू कमी होतातच. पण माणूस बसून राहिला की ते फार झपाट्याने कमी होतात. स्नायू गेले की तोल जातो, तोल गेला की माणूस पडतो, पडला की भीती बसते आणि भीती बसली की तो आणखी बसून राहतो. हे चक्र एकदा फिरायला लागलं की थांबवणं अवघड. म्हणजे आम्ही ज्याला आराम म्हणत होतो, तो तिच्या पायातलं बळ रोज थोडं थोडं काढून घेत होता.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना ६५ वर्षांवरच्या माणसांनाही ‘बसून राहा’ असं सांगत नाहीत. उलट आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल, आठवड्यातून किमान २ दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम आणि किमान ३ दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम करा, असं सांगतात. १५० मिनिटं म्हणजे आठवड्याचे पाच दिवस, रोज अर्धा तास चालणं. आईच्या गावाकडच्या दिवसात एवढी हालचाल सकाळी नऊच्या आत होऊन जायची.

डॉक्टरांनी एका कागदावर तीन व्यायाम लिहून दिले. खुर्चीतून उठणं-बसणं, ओट्याला धरून टाचा उचलणं आणि ओट्याला धरूनच एका पायावर उभं राहणं. मी तो कागद फ्रिजवर चिकटवला.

चार दिवस आईने केलं. पाचव्या दिवशी थांबली. मी रागावलो. तर ती म्हणाली, "उठ, बस. उठ, बस. पर उठून जायचं कुठं?"

माझ्याकडे याचं उत्तर नव्हतं.

बाकावरचे आजोबा

हात बरा होईपर्यंत मी तिला रोज संध्याकाळी जवळच्या उद्यानात नेऊ लागलो. तिथे एका बाकावर एक आजोबा भेटायचे. ते मूळचे कामोठे गावातलेच, आगरी समाजाचे. आपल्यापैकी अनेकांना कामोठे म्हणजे सेक्टर आणि टॉवर एवढंच माहीत असतं. पण १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनीवर नवी मुंबई उभी करायची ठरली, त्या गावांपैकी हेही एक गाव. त्याआधी इथे भातशेती होती, पलीकडे खाडी होती, मिठागरं होती.

आजोबा समोरच्या सात मजली इमारतीकडे बोट दाखवून सांगायचे, तिथे आमचं भाताचं शेत होतं. पैशाची त्यांना आज ददात नाही. मुलं चांगली आहेत, भाडं येतं. मी एकदा म्हणालो, "मग आता काय, मजा आहे तुमची." ते म्हणाले, "मजा आहे. पण पाऊस कधी पडेल, हे आता मला कोणी विचारत नाही."

आई एकदम त्यांच्याकडे वळून म्हणाली, "आमच्याकडं बी तसंच हाय." आणि मग दोघं बाजरी आणि भात यावर अर्धा तास बोलत बसले. एका बाजूला पाऊस पडत नाही असा माण तालुका आणि दुसऱ्या बाजूला पाऊस थांबत नाही असं हे कोकण. बाजरीला किती पाणी लागतं, भाताला किती, लावणी कशी करतात, खुरपणी कशी. आई इतकं बोलल्याचं मी कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं.

आजोबांनी आपल्यापुरता एक मार्ग काढला होता. त्यांच्या सोसायटीच्या कुंपणालगत हातभर रुंदीची मातीची पट्टी होती. तिथे त्यांनी अळू, भेंडी, मिरची लावली होती. भाजी निघायची ती मूठभर. पण रोज सकाळी सहाला त्यांना खाली उतरावंच लागायचं, कारण भेंडीला पाणी घालायला दुसरं कोणी नव्हतं. आजोबा चालायला म्हणून खाली उतरत नव्हते, भेंडीसाठी उतरत होते. चालणं आपोआप होत होतं.

तेव्हा मला आईच्या प्रश्नाचा अर्थ कळला. ‘उठून जायचं कुठं?’ माणसाला उठायला गुडघे लागतात हे खरं, पण त्याआधी उठण्याचं कारण लागतं. आम्ही तिच्याकडून सगळी कारणं काढून घेतली होती आणि वर व्यायामाचा कागद चिकटवला होता.

फॉर्ममध्ये राहिलेलं नाव

पुढची गोष्ट सांगायला मला थोडी लाजच वाटते. पण शिक्षकाने आपली चूकही फळ्यावर लिहावी.

आपल्यापैकी जे शिक्षक आहेत त्यांना नवभारत साक्षरता कार्यक्रम माहीत आहे. १५ वर्षं आणि त्यापुढच्या वयाच्या, शाळेत जायचं राहून गेलेल्या लोकांसाठी २०२२ ते २०२७ या काळातला हा कार्यक्रम, ज्याला आपण ‘उल्लास’ म्हणून ओळखतो. त्यात कमाल वयाची अट नाही. शिकवणारे असतात स्वयंसेवक. निरक्षर व्यक्तींची नावं शोधायची आणि नोंदवायची, हे काम आम्हा शिक्षकांकडे आलं.

मी दारोदार फिरलो. "ताई, घरात कोणी लिहिता-वाचता न येणारं आहे का?" लोक संकोचायचे. मी समजावायचो, यात लाजण्यासारखं काही नाही, शिकायला वय नसतं. छान छान बोलायचो. रात्री घरी येऊन नावांची यादी स्वच्छ अक्षरात उतरवायचो.

एका रात्री आई शेजारी येऊन बसली. "काय लिवतोयस?" मी सांगितलं. तिने विचारलं, "ज्यांना वाचाया येत न्हाय, त्येंची नावं?"

"हो."

थोडा वेळ गेला. मग ती अगदी सहज म्हणाली, "मग माजं नाव कुठंय त्यात?"

माझा पेन थांबला. माझी आई अंगठा लावते. तिला बसची पाटी वाचता येत नाही, म्हणून आम्ही तिला एकटीला सोडत नाही. तिच्या मोबाइलमध्ये नावांऐवजी आमचे फोटो ठेवलेत. हे सगळं मला रोज दिसत होतं. पण सेक्टरभर निरक्षर शोधत हिंडणाऱ्या मला घरातली निरक्षर बाई दिसलीच नव्हती. कारण माझ्या मनात तिची शिकण्याची, करण्याची, होण्याची सगळी खाती बंद झाली होती. फक्त सांभाळण्याचं खातं उघडं होतं.

मी यादीच्या शेवटी तिचं नाव लिहिलं.

दोन मजले

शिकवायचं कोणी? मी म्हणालो, मी शिकवतो. आईने साफ नकार दिला. "तू लेक हायस. तुज्यासमोर चुकायची लाज वाटंल." आमच्या इमारतीत पाचव्या मजल्यावर नववीतली एक मुलगी राहते. ती स्वयंसेवक व्हायला तयार झाली. आई तिच्यासमोर चुकायला तयार झाली. नातीच्या वयाची पोर, तिच्यासमोर कसली लाज!

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्टची आईला भीती वाटायची, एकदा ती आत अडकली होती. त्यामुळे रोज दोन मजले चढून जायचं आणि उतरून यायचं. पहिल्या दिवशी ती मधल्या प्रत्येक वळणावर थांबली. कठड्याला धरून, दम खात. मी मागे होतो. मनातून वाटत होतं, पुरे, मुलीलाच खाली बोलावू. तोंडावर आलेलं वाक्य गिळलं. ते गिळणं हा मी त्या वर्षी केलेला सगळ्यात मोठा शहाणपणा.

वेळ ठरली संध्याकाळी सहाची. आई पाचलाच वेणी घालून, पाटी-वही पिशवीत घालून तयार बसायची. दुपारची झोप गेली, कारण अभ्यास राहायचा. रात्रीची झोप परत आली. कधी सहाला दहा मिनिटं झाली की वरून हाक यायची, "आजीऽऽ, येताय ना?" ती हाक औषधाच्या कुठल्याही चिठ्ठीवर लिहिलेली नव्हती.

आणि फ्रिजवरचा तो कागद? एक दिवस आई स्वतःच ओट्याला धरून एका पायावर उभी दिसली. मी काही बोललो नाही. तीच म्हणाली, "जिना चढायचा म्हंजी पायाला ताकद नगं?"

मुलीला परीक्षेच्या दिवसांत ताप आला, तेव्हा आई भाताची पेज घेऊन पाचव्या मजल्यावर गेली. आमच्या घरात वर्षभराने तिने गॅस पेटवला होता. काही भाजलं नाही. त्या मुलीला बाजरीची भाकरी थापायला तिनेच शिकवलं. एकीने ‘क’ शिकवला, दुसरीने भाकरी. पुढे मला त्या मुलीची आई म्हणाली, "सर, तुमच्या आई यायला लागल्यापासून ही मोबाइल बाजूला ठेवायला लागली." म्हणजे गरज एकाच बाजूची नव्हती.

या वयात शिकून काय करणार?

हा प्रश्न आम्हाला खूप जणांनी विचारला. नातेवाइकांनी तर हसून विचारला. त्यांना मी दोन उदाहरणं सांगायचो, तुम्हीही लक्षात ठेवा.

पहिलं उदाहरण शेजारच्या ठाणे जिल्ह्यातलं. मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या वयस्कर बायकांना पोथी वाचायची होती, पण अक्षरओळख नव्हती. जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक योगेंद्र बांगर यांनी त्यांच्यासाठी ८ मार्च २०१६ रोजी, म्हणजे महिला दिनी, ‘आजीबाईंची शाळा’ सुरू केली. साठीच्या पुढच्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून, पाटी घेऊन शाळेत बसू लागल्या. घरची आणि रानातली कामं उरकल्यावर, दुपारी दोन तास. मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की त्यांना कोणी बळेच बसवलं नाही. पोथी वाचायची ही इच्छा त्यांचीच होती. शिक्षकाने फक्त ती ऐकली.

दुसरं उदाहरण महर्षी धोंडो केशव कर्वे यांचं. त्यांचा जन्म १८५८ चा. महिला विद्यापीठाची स्थापना १९१६ ची, म्हणजे तेव्हा ते ५८ वर्षांचे. आपल्याकडे त्या वयात माणूस निवृत्तीच्या कागदांची जुळवाजुळव करत असतो. १९२९ साली, ७१ व्या वर्षी ते परदेश दौऱ्यावर निघाले. १९३६ मध्ये, ७८ व्या वर्षी, खेड्यांत प्राथमिक शाळा काढण्यासाठी त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापन केलं. १९४४ मध्ये, ८६ व्या वर्षी, जातिभेदाविरुद्ध समता संघ काढला. १९५८ मध्ये वयाच्या शंभरीत त्यांना भारतरत्न मिळालं आणि १९६२ मध्ये, १०४ व्या वर्षी ते गेले. ‘ते काय बाबा, महर्षी होते’ असं म्हणून आपण हात झटकतो. पण आकडे नीट बघा. दर काही वर्षांनी त्यांच्यासमोर एक नवीन काम होतं, असं काम जे आधीच्या कामाने संपत नव्हतं.

आणि हा प्रश्न आता थोड्या घरांचा राहिलेला नाही. स्वातंत्र्याच्या वेळी आपल्या देशात सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतं, आज ते सत्तरीच्या आसपास आहे. २०११ च्या जनगणनेत ६० वर्षं आणि त्यावरच्या व्यक्ती सुमारे १० कोटी ३८ लाख होत्या. माणूस साठाव्या वर्षी निवृत्त झाला तर त्याच्यापुढे पंधरा-वीस वर्षं सहज उरतात. पहिली ते पदवी शिकायलाही एवढाच काळ लागतो. एवढा मोठा काळ खुर्चीत बसून काढायचा?

परीक्षा

१७ मार्च २०२४, रविवार. साक्षरता चाचणी. १५० गुणांची, वाचन, लेखन आणि संख्याज्ञान प्रत्येकी ५०. आई सकाळीच तयार. चांगलं लुगडं, कपाळाला कुंकू नाही पण बुक्का, पिशवीत दोन पेनं. मी शाळेच्या फाटकापाशी थांबलो. तीस वर्षांपूर्वी माझ्या दहावीच्या परीक्षेला ती अशीच दहिवडीच्या शाळेबाहेर बसून होती, भाकरीचं गठुळं घेऊन.

बाहेर आल्यावर म्हणाली, "गणित सोपं हुतं. म्हसरांचा हिशेब काय कमी केलाय का आयुष्यभर? लिवायला मातूर हात दुखतो." नंतर निकाल आला. पास झाली. वाचनात कमी, संख्याज्ञानात चांगले गुण.

पण खरी परीक्षा मे महिन्यात झाली. आम्ही गावी जायला पनवेलच्या एसटी स्टँडवर उभे होतो. गाड्या येत होत्या, जात होत्या. मी मोबाइलमध्ये डोकं घालून बसलो होतो. आईने माझ्या दंडाला धरून हलवलं. "उठ. आपली गाडी लागली." मी वर बघितलं. समोर पाटी होती, दहिवडी. तिने वाचली होती. एकेक अक्षर जोडत, पण स्वतः.

मी तुम्हाला गोड शेवट विकत नाही. आईचे गुडघे आजही दुखतात. रक्तदाबाची गोळी चालू आहे. मोडलेलं मनगट थंडीत ठणकतं. वडिलांची आठवण येते तेव्हा ती गप्प होते, त्यावर कसलंच औषध नाही. पण खुर्चीतून ती आता हात न टेकता उठते. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडे एकटी जाते. आणि आमच्या इमारतीतल्या आणखी एका आजींना ती आता अक्षरं शिकवतेय. त्या आजी दुसऱ्या मजल्यावर राहतात. म्हणजे आता रोज वरही जायचं आणि खालीही.

मी ‘आराम कर’ म्हणणं सोडलंय. आता म्हणतो, "आई, येताना कोथिंबीर आण, मला वेळ नाही." ती विचारते, "किती आणू?" त्या ‘किती आणू’मध्ये जो रुबाब असतो ना, तो ऐकण्यासारखा असतो.

आजचा गृहपाठ

शिक्षकाचा लेख आहे, गृहपाठाशिवाय कसा संपेल? विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी, दोघांनीही करायचा आहे.

१. घरातल्या ज्येष्ठांना एक असं काम द्या, जे त्यांनी केलं नाही तर खरंच अडेल. खोटं काम देऊ नका. त्यांना लगेच कळतं.

२. ठरलेल्या वेळी त्यांची वाट पाहणारं कोणीतरी असू द्या. नातू असेल, शेजारीण असेल, भजनी मंडळ असेल, नाहीतर कुंडीतली भेंडी.

३. खुर्चीतून हात न टेकता उठता येतं का, ते बघा. येत नसेल तर वय म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा आणि त्यांच्या सल्ल्याने व्यायाम सुरू करा. तोलाचे व्यायाम नेहमी ओटा किंवा भिंत धरून करायचे.

४. न्हाणीघरात धरायला दांडी बसवा, रात्री छोटा दिवा चालू ठेवा, ओली लादी लगेच पुसा. चष्म्याचा नंबर आणि मोतीबिंदू तपासून घ्या. सकाळी उठताना दोन मिनिटं पलंगाच्या कडेला बसूनच उभं राहायचं.

५. जेवणात नुसता चहा-चपाती नको. डाळ, उसळ, ताक, चालत असेल तर अंडं, हे रोज हवं. काही पथ्य असेल तर डॉक्टरांना विचारून. स्नायू हवेवर तयार होत नाहीत.

६. आणि एक प्रश्न विचारा, "तुला काय शिकायचं राहून गेलं?" उत्तर यायला वेळ लागेल. घाई करू नका. थांबा.

१ ऑक्टोबरला जागतिक ज्येष्ठ नागरिक दिन असतो. योगायोग असा की आपली पनवेल महानगरपालिकासुद्धा १ ऑक्टोबरलाच, २०१६ साली, अस्तित्वात आली. त्या दिवशी शाल-श्रीफळ देऊन ज्येष्ठांचा सत्कार होतो, फोटो निघतात. चांगलंच आहे. पण शाल पांघरून माणूस पुन्हा खुर्चीतच बसणार असेल, तर त्या शालीचा काय उपयोग? सत्काराबरोबर त्यांना एक काम द्या आणि दुसऱ्या दिवशी विचारा, "झालं का हो?"

आता सहा वाजत आले. वरच्या मजल्यावरून हाक आली नाही, कारण ती मुलगी आता अकरावीत गेली आणि क्लासला असते. हाक खालून आली. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींची.

आई पिशवी घेऊन केव्हाच निघालीय.